एक, तीन, चार, दोन

उद्यमनगरात, शटरच्या आतल्या बाजूला
हुसेनबापू शिकलगारांनी खडूनं लिहिलं होतं : १३४२.
दिवाळीला रंग मारला की पुन्हा लिहायचे,
त्याच उंचीवर.

शेजारच्या लेथवरच्या गणपा चौगुलेनं
तो आकडा महिनाभर मटक्याला लावला.
एकदाही लागला नाही.
"आकडा बरोबर हाय रं," बापू म्हणाले,
"तू चुकीच्या मशिनीत घातलास."

मी सतरा वर्षांचा, उत्तूरहून आलेला,
गणितात दोनदा बसलेला.
मला एवढं पक्कं माहीत होतं
की एकानंतर दोन येतात.

म्हणून राधानगरीच्या डॉक्टरांच्या फियाटच्या
चारी काळ्या वायरी मी रॉकेलनं पुसल्या
आणि शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात
तशा ओळीनं खोचल्या.
सेल्फ मारला.
कार्ब्युरेटर शिंकला, हातभर जाळ काढून.
समोरच्या फाउंड्रीतली माणसं
वाळूच्या हातांनी बाहेर आली.
एकटा पहिला सिलिंडर ओढत होता,
बाकीचे तिघे नुसते वजन.

भुवया जळल्या होत्या. मला वाटलं पाना बसणार डोक्यात.
बापू म्हणाले, "रात्री गंगावेशीत ये."

दूधकट्ट्यावर म्हैस उभी, खाली गवळी उकिडवा,
पेल्यात फेस चढत होता.
"दुधाकडं बघू नगंस, हाताकडं बघ."
पुढचं डावं, मागचं उजवं,
मग आडवं उलट.
एका अंगाची दोन्ही सडं तो लागोपाठ पिळत नव्हता.
"पिळली तर?"
"म्हस हालती."
एवढंच सांगून त्यांनी पेला तोंडाला लावला.

रात्रभर मी मोजत पडलो.
पहिला पेटतो, तेव्हा तिसरा दाबत असतो,
चौथा श्वास ओढतो,
दुसरा धूर टाकत असतो.
कुणी रिकामा नाही, आणि दोघांची एकच पाळी नाही.

सकाळी मी विचारलं, बापू,
पण तीनला लागून चारच की.
दोननंतर परत एक, तोही शेजारी.
म्हशीचं इथं कुठं बसतंय?

ते आठ दिवस त्यावर बोलले नाहीत.
नवव्या दिवशी एक उघडा क्रँक माझ्या मांडीवर टाकला,
लहान मूल दिल्यासारखा.
"फिरव. एक वर गेला की चारबी वर.
दोन-तीन जोडीनं खाली.
ही सोयरीक वतकामातच ठरल्या.
तुझ्या हातात फकस्त पाळी.
आन तीबी तुझ्या न्हाई, कॅमच्या हातात.
तू वायर नीट खोच."
मग हसले. "म्हशीचं मीबी तवाच मनानं जुळवलं हुतं."

आता गाड्यांना वायरी नाहीत.
प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची त्याची कॉइल,
माझा पोरगा पडद्यावर वाचून सांगतो, तीन नंबर मिस.
चूक खोचायला जागाच ठेवलेली नाही कुणी.

बापू सदर बाजारात, लेकीच्या घरी, अंथरुणावर.
ऐकू येत नाही. मला ओळखतात की नाही, कळत नाही.
पण उजवा हात गोधडीवर चालू असतो :
तर्जनी, अनामिका, करंगळी, मधलं.
तर्जनी, अनामिका, करंगळी, मधलं.
लेक म्हणते, हा चाळा असाच चालतो, झोपेतसुद्धा.

आज अनामिका उठली नाही.
तीनवरच चाललं होतं, जरा हलत.
मी माझा तळवा त्यांच्या हाताखाली सरकवला,
बॉनेटवर ठेवतो तसा,
आणि तिच्या पाळीला, दर खेपेला,
खालून थोडं उचललं.