दोनच रकाने

एकतीस मार्च. रास्ता पेठेत रात्री साडेनऊला
अख्ख्या गल्लीत आमचाच दिवा.
खाली इनूसभाईंचं सायकलचं दुकान बंद,
वर मी, लोंढे ऑडिटर आणि पंखा,
जो फिरतो कमी, बोलतो जास्त.

लोंढे म्हणतात, रकाने दोनच आहेत, बाई.
देशात. परदेशात.
खर्च कुठल्यातरी एकात बसवा आणि घरी चला.

मी बसवते.
दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत नऊ संडास,
सातांना पाणी. अहवालात नुसतेच नऊ.
बालवाडीला सतरंजी.
उंदरांनी खाल्ली म्हणून पुन्हा सतरंजी.
कचरा वेचणाऱ्या बायकांना हातमोजे, दोनशे जोड,
जे डिसेंबरात पोरांच्या हातांत दिसले,
कोपरापर्यंत ओढलेले.
रिक्षा, ससूनपर्यंत, रात्री दोन वाजता. पावती नाही.

"पावती नाही?"
लोंढ्यांचा चष्मा कपाळावर जातो.
बाळंतीण ओरडत होती हो,
रिक्षावाल्याकडे पावती मागायची कोणी?
ते काही बोलत नाहीत. पाकीट काढतात,
पावतीपुस्तक ओढून स्वतःच्याच नावावर लिहितात:
देणगी, रुपये एकशे ऐंशी.

आता परदेश.
झुंबर अडागळेचं विमानाचं तिकीट.
मुळशीकडच्या वाड्यांतले हातपंप
अकरा वर्षं खोलत आलेली झुंबर,
पान्ह्याला 'माझा थोरला' म्हणणारी.
(थोरला मुंबईच्या विमानतळावर काढून घेतला.
नवीन पान्हा, सातशे चाळीस. हा कुठल्या रकान्यात?)
मलावीत सहा आठवडे.
गावातला पंप तीन वर्षं मुका.
हिला मराठी, त्यांना चिचेवा,
मध्ये एक झिजलेला वॉशर.
तो उन्हात धरून झुंबरने 'च्च' केलं.
एनिफा नावाच्या बाईनेही 'च्च' केलं.
दुभाष्याचे पैसे वाचले.

इथपर्यंत बेरीज जुळत होती.

मग सप्टेंबरात ओढा वस्तीत शिरला.
बालवाडीची भिंत गेली, तिसरी सतरंजी गेली.
झुंबरने फोनवर चार फोटो पाठवले तिकडे,
शब्द एकही नाही, पाठवणार तरी कुठल्या भाषेत?
आणि नोव्हेंबरात नाशिकचे एक डॉक्टर
तिकडून येताना पाकीट घेऊन आले.
मऊ पडलेल्या क्वाचाच्या नोटा,
धुराचा, सुक्या मासळीचा वास,
वहीचा कागद, त्यावर एक्केचाळीस घरं,
काहींच्या सह्या, काहींचे अंगठे,
खाली वेगळी ओळ: एक कोंबडी, विकून.

लोंढे पाकिटाला हात लावत नाहीत.
परदेशातून आलेली देणगी. आपल्याला परवानगी आहे?
नाही.
बँक बदलून देते?
नाही म्हणाली.
मग परत पाठवा.
पाठवायचा खर्च बाराशे, आतला ऐवज अडीचशे.

मी झुंबरला विचारलं होतं तेव्हाच,
एवढ्या गरीब गावाने का गं पाठवावं?
ती नट पुसत होती रॉकेलने.
"तुमच्या शेजारीण न्हाई का कुनी?" म्हणाली.
"भांडं रिकामं कसं धाडतील त्या?"

आमच्या अहवालात हीच एक्केचाळीस घरं आहेत,
पान सहावर, फोटोसकट,
पंपाभोवती हसताना.
खाली मीच टाइप केलेला शब्द: लाभार्थी.

पावणेअकरा. लोंढे खुर्चीत सरकतात.
ते पाकीट मी पाहिलं नाही, म्हणतात,
आणि उठून स्वतःच ठेवतात गोदरेजच्या कपाटात,
साखरेच्या डब्यामागे,
आधी तिथे मुंग्या नाहीत ना ते बघून.

मग पेनचं टोपण काढतात.
"लाभार्थी एकूण किती लिहू?"
आपल्याला धरून? मी विचारते.

पंखा बोलत राहतो.
खाली इनूसभाईंच्या शटरवर कोणीतरी थापा मारतंय,
इतक्या रात्री,
बहुतेक पंक्चर.