एकोणतीस

हर्षालीचा गोंदियाहून फोन आला,
आठवड्यात तीस.
तीस काय, विचारलं मी. तर म्हणे,
पालेभाजी, शेंग, फळ, दाणा,
मातीतून उगवणारं तीस जातींचं
पोटात गेलं पाहिजे तुमच्या दोघांच्या.
ती नर्सिंग शिकते,
म्हणून पहिली परीक्षा आमची.

मोजलं तर आम्ही नऊ भरलो.
भात, तुरीचं वरण, वांगं, आलू, कांदा,
लसूण, मिरची, हळद,
आणि नववा चहा,
ज्यावर अजून वाद आहे.

शेवंताने चुलीमागच्या भिंतीवर
कोळशाने रेघा ओढायला घेतल्या.
मांजर बाजूला बसून प्रत्येक रेघेकडे पाहायची,
जणू भिंतीवर पाल चढतेय.
लाखोळीच्या डाळीच्या रंगाची, म्हणून लाखोळी.
"इचं नाव मोजाचं नाही,"
शेवंताने मला आधीच बजावलं.

मग घरात भांडणं सुरू झाली, गोड गोड.
सांबार आणि धने, एक की दोन?
"माय वेगळी, लेक वेगळी," ती म्हणाली
आणि दोन रेघा ओढल्या.
जवसाची चटणी आली. मुंगण्याचा पाला आला.
हिरकनबाईकडून हेटीची फुलं आली,
बदल्यात आमची चार भेदरं गेली.
लाखोळी प्रत्येक टोपलीत आधी स्वतः बसून पाहायची.
अंबाडीच्या पाल्यात तिचे केस निघाले
तेव्हा मी म्हणालो, हे एकतिसावं.
कोणी हसलं नाही.

तेवीसवर गाडी अडली.
शेवंता विळा घेऊन धुऱ्यावर गेली
आणि पदरात भरून आणलं
पातूर, केना, कुंजर,
घोळ, कुरडू, खापरखुटी.
एकेक जुडी जमिनीवर मांडत ती नावं घेत होती,
माहेरची माणसं भेटल्यासारखी.
एकोणतीस झाले.
तिसावं उद्या, म्हणाली,
पलीकडच्या धुऱ्यावर तरोटा आहे,
जून झाला, पण कवळे शेंडे निघतील.

मला माहीत होतं, नाही निघणार.

सोळा लिटरचा पंप माझ्या पाठीवर असतो.
बिसेनच्या बांधीचे धुरे मारतो मी, रोजाने.
त्या दिवशी टाकीत थोडं औषध उरलं,
फेकायचं कशाला, म्हणून
आमच्या पलीकडच्या धुऱ्यावर मारलं.
सवयीने. वाटेतलं गवत मारतो तसं.

संध्याकाळी लाखोळी त्याच धुऱ्यावरून आली,
ओसरीवर बसून पाय चाटले.
मग तोंडाला फेस,
मग चुलीमागे जाऊन अंग चोरून पडणं.
शेवंताने कोमट पाण्यात साबण घालून
तिचे चारही पंजे धुतले, बोटाबोटांमधून,
तान्ह्या लेकराचे धुवावेत तसे.
तालुक्याच्या डॉक्टरने फोन उचलला नाही.
मी सांगून टाकलं, माझ्या हातानेच झालं.
ती काही बोलली नाही.
जुन्या लुगड्यात मांजर घेऊन बसली.

रात्री भात आणि तिखट.
भिंतीवर रेघ नाही.

पहाटे खळखळ आवाज आला.
लाखोळी मोरीपाशी उभी,
दात तिरके करून गवत कुरतडत होती,
मग उंबऱ्यावरच ओकली,
हिरवं, दोऱ्यासारखं.
आणि लगेच दुधासाठी ओरडली,
आम्हीच उशीर केल्यासारखी.
शेवंता रडत होती की हसत होती
मला कळलं नाही, धूर फार होता.
"इचं गवत धराचं का तीसमंदी?" मी विचारलं.
"तुमी नका मोजू आता," ती म्हणाली.

रविवारी हर्षालीने विचारलं, किती झाले?
"एकोणतीस," शेवंताने सांगितलं.
एवढंच.

पंप अजून आहे. रोजही लागतो.
बिसेनच्या बांधीला जातो मी,
येताना नाल्यावर पाय घासतो,
कपडे बाहेरच्या दोरीवर टांगतो.
आमचे धुरे आता गबाळे दिसतात,
येणारे-जाणारे नावं ठेवतात.

घरात शिरलो की लाखोळी उठते,
माझे पाय हुंगते, खूप वेळ,
आधी डावा.