कूत

बाबा संत्र्याची बाग नुसती फिरून सांगायचे:
चौदा हजार, फार तर साडेचौदा.
व्यापारी बिडी विझवून तोच आकडा लिहायचा.
मी त्यांचा मुलगा. शाळेत प्रयोगशाळा परिचर,
शनिवारी बेसबॉलचा स्कोअर लिहिणारा.
बोंडे सर मलाच विचारतात,
"तीन मॅच झाल्या. प्रज्योत खरंच सुधरला का गड्या?
अमरावतीच्या होस्टेलले नाव पाठवायचं हाये.
एक ओळ तू लिहून दे."

वही काढतो.
दिवाळीपर्यंत सात सामने, एकोणचाळीस वॉक.
चेंडू कुठंही जायचा. एकदा तर
पंचांच्या स्कूटरच्या आरशात.
कॅचर नौशाद बाभळीखालून चेंडू शोधून आणायचा,
वर म्हणायचा, "सर, मले डबल पगार पाह्यजे."

संक्रांतीनंतरचे तीन सामने. चार वॉक.
तीनच सामने.
चेंडू मोजले तर दोनशे ऐंशी.
एवढी फळं तर रात्रीच्या वाऱ्यानं
एका झाडाखाली पडलेली असतात.

पहिल्यात चांदूरची पोरं, त्यांचे चार जण तापानं घरी.
दुसऱ्यात वारा असा, की उंच उडालेलं सगळं
गोठ्यावर परतणाऱ्या गुरांसारखं आत येत होतं,
कुणाच्या ना कुणाच्या हातात.
तिसऱ्यात शॉर्टस्टॉपवर मनिराम उईके.
तीन जबर फटके, तीनही थेट त्याच्या छातीशी.
वहीत तीनही बाद प्रज्योतच्या नावावर.
ते त्याचे, की मनिरामच्या छातीचे?

झाडसुद्धा एखाद्या वर्षी लदबदून जातं,
फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात,
मालक मोटरसायकल बुक करून येतो.
पुढच्या वर्षी तेच झाड,
पानंच पानं.
"एका बहारावरून जात ठरवू नोको,"
बाबा म्हणायचे.

पण मधले दोन महिने तो
ग्रेडिंगच्या शेडात कामाला होता.
बारीक डावीकडं, मध्यम समोर,
टपोरं फळ लांबच्या क्रेटात,
मिनिटाला चाळीस, न बघता, नुसत्या मनगटानं.
मी रिकामी पेटी मागायला गेलो होतो, तेव्हा पाहिलं.
फळ सोडताना त्याची तर्जनी शेवटी सुटते.
आता माउंडवरही तर्जनीच शेवटी सुटते.
हे वहीच्या कुठल्या रकान्यात लिहू?
आणि आधीपासून सुटत असेल तर?
जिंकल्यावर माणसाला हात दिसतो,
हरल्यावर आरसा.

काल वरुडला चौथा सामना.
हरलो. नऊ-दोन.
पहिल्याच इनिंगला होमरन, चेंडू कालव्यात,
पंचांनी नवा मागितला, आमच्याकडं नव्हता.
येताना प्रज्योत टेम्पोत पाठ करून बसला,
मुठीत संत्र्याची साल, ती शेवटपर्यंत टाकली नाही.
सर माझ्याकडं बघेनात.
जेवण झाल्यावर वही उघडली.
वॉक: एक.
तोही सातव्या इनिंगला. तेव्हा अंधार असा,
की नौशादलाच चेंडू दिसत नव्हता.

बाबांना हल्ली कमी दिसतं.
सकाळी बागेत नेलं, तर फांदी हातानं धरून
हळू हलवत राहिले.
आकडा सांगा म्हटलं.
"आकडा व्यापाऱ्याले लागते. तू देठ पाह्य."

होस्टेलच्या कागदावर लिहिलं:
याला मारतात. पण हा फुकट कुणाला बेस देत नाही.
दुसरी गोष्ट, मला वाटतं, टिकेल.
"मला वाटतं" खोडलं.
चहा आला, तो प्यालो.
मग खोडलेल्याच्या वर, बारीक अक्षरात,
परत लिहिलं.