सपाट जागी

रविवारी सकाळी सव्वासातला
टेगिडच्या गॅरेजपाशी आम्ही पाच जण, चार धड सायकली.
पाचवी माझी. तिचा ब्रेक दाबला
की आधी दरीला ऐकू जातं, मग चाकाला.

वेल्समधल्या या गावातली खाण बंद पडली
तेव्हा मी शाळेत होते.
अजूनही शाळेतच आहे, स्वयंपाकघरात.
दीडशे पोरांचे बटाटे सोलते
आणि सोलता सोलता, सोमवार ते शुक्रवार,
एकच वळण घेत राहते.

खाणीतून उपसून टाकलेल्या काळ्या मातीची टेकडी,
तिच्यावर लार्चची झाडं, झाडांमधून आमची वाट.
आमची म्हणजे इद्रिसची.
जन्मभर त्यानं डोंगराच्या पोटात विजेच्या तारा जोडल्या,
मग पाठीवर आला, फावडं घेऊन.
अकरा हिवाळे. कुणाला न विचारता.
आता गुडघा गेलाय त्याचा.
खालच्या वळणावर थर्मास घेऊन उभा राहतो
आणि आम्ही त्याची माती कशी खरवडतो ते बघतो.

चढावर कुणी बोलत नाही.
हेइल्वेन तेवढी बोलते, तिच्या सायकलीला बॅटरी आहे.
माझ्या छातीत उखळ-मुसळ चाललेलं,
जीभ टाळूला,
आणि टेगिड मागून म्हणतो, आलंच आता.
गेली सहा वर्षं आलंच आता.

मग उतार. आणि उताराच्या मध्यावर
कमरेएवढी दगडी पायरी.
ग्विलिमचा दात म्हणतात तिला,
कारण तो अजून तिथंच कुठंतरी आहे.

तीन वर्षं मी तिथं उतरत आले.
कधी साखळी निसटली म्हणाले, कधी डोळ्यात चिलट गेलं.
बहुतेकदा पक्षी बघतेय म्हणाले.
त्या खोटेपणापायी
निम्म्या जंगलातले पक्षी मला आवाजावरून कळायला लागले.

आज ठरवलं वगैरे काही नव्हतं.
ब्रेक दाबायचं मी विसरले, की ब्रेकच मला विसरला.
कड आली.
खाली काही नाही.
सोललेला एकही बटाटा नाही, विजेचं बिल नाही,
आईच्या गोळ्यांचा डबाही नाही,
फक्त पोटातलं सगळं गळ्याशी आलेलं
आणि मग धप्प.
माती. ओली, काळी, चांगली माती.
सायकल वाटेवर, मी सायकलीवर.

इतक्या जोरात ओरडले
की झाडामागून इद्रिस
पॅंटची चेन ओढत लंगडत धावत आला.
काय झालं? पडलीस?
उतरले, मी म्हणाले. ग्विलिमच्या दातावरून उतरले!
त्याला काय, तो म्हणाला,
दर रविवारी उतरतेस.

बाकीचे केव्हाच खाली पोचले होते.
मीही पोचले, हसत, एक हात सोडून,
गाड्या लावायच्या जागेत, जिथं मुंगीसुद्धा घसरणार नाही,
थांबले. बूट पेडलमधून सुटेना.
तोडलेल्या झाडासारखी सावकाश
उजवीकडे कलत गेले.
हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.
कुत्रा फिरवणाऱ्या बाईंनी पाहिलं, कुत्र्यानं पाहिलं,
ग्विलिमकडे तर फोटो आहे.

मी जमिनीवर होते म्हणून
फाटकावरची नोटीस आधी मला दिसली.
लार्चना रोग लागलाय. मंगळवारपासून तोड.
सगळ्या वाटा बंद, पुढची सूचना येईपर्यंत.

इद्रिसनं ती दोनदा वाचली, चष्मा नसताना.
थर्मासच्या झाकणात उरलेला चहा झटकला.
खालचं वळण तसंही माझं चुकलंच होतं, म्हणाला.
जरा रुंद हवं होतं.
कुणी काही बोललं नाही.
हेइल्वेनसुद्धा नाही.

सोमवारी डाव्या हातानं बटाटे.
रांगेतलं एक पोरगं माझ्या कोपराकडे बघत राहिलं.
सायकलवरून?
हो.
डोंगरावरून पडलात?
नाही रे, मी म्हणाले, सपाट जागी.
त्याचा चेहरा एवढासा झाला.
मी त्याला एक बटाटा जास्त वाढला
आणि बाकीचं सांगितलं नाही.