मातीचे फोटो

दिगू मातीचे फोटो पाठवतो.
मार्चात पहिला आला: काळी, ओली,
चाकाच्या आऱ्यांत गच्च बसलेली.
मग बेल्जियमची पांढरी वाळू.
तिच्यात म्हणे गाडी डुलते,
नाळ वर ठेवून हाकावी लागते.
हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याची आई फोन लांब धरून बघते.
"आमच्या चिऱ्याचो रंग खंयच नाय," म्हणते.
मग विचारते, "जेवतंस मां?"

मसुऱ्याच्या सड्यावर एक बंद चिरेखाण आहे.
तिथे तो दुसऱ्याच्या गाडीवर उडी शिकला
आणि हसळीचं हाड मोडून घेतलं.
खांद्यापाशी अजून गाठ लागते हाताला,
दोरखंडाला मारतो तशी.
तेव्हापासून तो उडत नाही.
उडणाऱ्यांची चाकं बांधतो.

जूनला बंदी लागली, होडी झापांखाली गेली,
तेव्हा मी शर्यती बघू लागलो.
चाळीस गाड्या एका दांडीमागे गुरगुरत,
दांडी पडली की सगळ्या एकाच वळणात,
लिलावाला सर्जेकोटात टोपल्या घुसतात तशा.
मी एकशे सत्तावीस नंबर शोधतो, आमचा स्वार.
पोरगा दिसत नाही.
एकदाच दिसला, कडेला, हातात आकड्यांचा फळा,
अर्धा कापलेला.
तिथे मी चित्र थांबवलं
आणि चहा गार होऊ दिला.

ऑगस्टात होड्या उतरल्या.
मग रविवार जाळ्यावरच ऐकले,
रेंज असेल तिथवर.

शेवटची फेरी. एक लॅप बाकी,
अख्ख्या हंगामात तीन गुण पुढे,
आणि चेन तुटली.
स्वार गाडी ढकलत आणत होता,
बूट घोट्यापर्यंत रुतत.

रात्री फोन आला. फोटो नव्हता.
"बाबा, चेन माझ्या हातची."
त्याच्या मागे कुणीतरी ट्रकचं दार ओढलं.
मी म्हटलं, ब्याण्णवला माझ्या हातची गाठ सुटून
तुझ्या काकाचं सगळं जाळं गेलं होतं.
दुसऱ्या दिवशी त्याने सुई
माझ्याच हातात दिली.
"मगे?"
"मगे काय. विणलंय."

डिसेंबरात आला तेव्हा
बुटांच्या तळव्यात पाच-सहा देश वाळले होते.
आईने पडवीत बसून ते कोयत्याच्या टोकाने खरवडले,
अळवाच्या वाफ्यात टाकले.

यंदाचं अळू
जरा खाजरंच आहे.