डावी मागची

पहाटे तीनला अंगणात ठण्ण झालं.
वारा नव्हता. कुत्रं एकदा भुंकून गप्प झालं.
मला वाटलं, वडील पडले.
अनवाणीच धावले त्यांच्या खोलीत.
ते जागे होते, छताकडे बघत.
"मी इथंच आहे," म्हणाले, "गाडीचं बघ."

उजाडल्यावर दिसली टोयोटा, दोन हजार सहाची,
डाव्या अंगावर कललेली,
रविवारी चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून
उभे राहतात ना पुरुष, तशी,
जे पुढे येऊन बसत नाहीत
आणि घरीही जात नाहीत.

खड्डा नाही, वळण नाही, ओझं नाही.
नुसती उभी होती.
अशाच तुटतात, फिंटन म्हणाला.
धावताना सोसतात,
मग गारठ्याच्या रात्री, गाडी जागेवर असताना,
कधीतरी.

त्यानं चाक काढलं, आत हात घातला
आणि माझ्या तळव्यावर ठेवलं एक वेटोळं,
पुरतं एकसुद्धा नाही.
बघ, म्हणाला, तुटलेली कड:
बाहेरून तांबूस, जुनी.
आत नखाएवढी जागा तेवढी ताजी, चकचकीत.
म्हणजे कित्येक महिने
ही अर्धी तुटलेलीच कॅसलबारला जात होती.

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
वडील मागे, डावीकडे, पाय लांब करून.
जाताना सुजलेले, येताना पिळून काढलेले.
मधले चार तास मी पार्किंगमध्ये
काचेवरचं मीठ नखानं खरवडत.
बेलमलेटला मीठ दोन्हीकडून येतं,
समुद्राचं वाऱ्यावरून,
कौन्सिलचं ट्रकमधून.
खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
हिला मिठानंच खाल्लं.

मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं
आमच्या घराण्यात रग्गड.
जिन्यावर ओळीनं त्यांचे फोटो आहेत.
एकानं भावाशी चाळीस वर्षं अबोला धरला,
एका कुंपणाच्या दगडावरून.
स्प्रिंगला ही चैन नाही.
तिची नोकरीच वाकण्याची.

"दोन्ही बदलाव्या लागतील," फिंटन म्हणाला.
उजवी तर धड आहे, मी म्हटलं.
तो चिंधीनं एकेक बोट पुसत राहिला.
"धड दिसते. इतके महिने
डावीच्या वाट्याचं कोण उचलत होतं?
स्प्रिंगा जोडीनंच बदलतात, ब्रीज."
मी गॅरेजच्या दारात उगाच हसले.
मग ते हसू आवरेना.
त्यानं न विचारता किटली लावली.

रविवारी पर्थहून कोलमनचा फोन.
तिकडे चाळीस डिग्री, खाणीचा पगार, नवा कोरा पिकअप.
कसे आहेत? – बरे आहेत.
आणि तू?
मी म्हटलं, डावी मागची स्प्रिंग गेली.
अरेरे, म्हणाला. केवढ्याला पडते?
संध्याकाळी पैसे आले,
एका स्प्रिंगचे, वर पन्नास डिझेलला.
चांगला आहे तो. कधी विसरत नाही.
उजवीचं मी त्याला सांगितलं नव्हतं.

सोमवारी वडिलांना आत बसवलं.
नव्या स्प्रिंगांवर गाडीची पाठ
दोन बोटं उंच झालेली.
पुलापुढच्या वळणावर ते एकदम म्हणाले,
"भिंत कुणी पाडली?"
भिंत होती तिथंच होती.
तिच्यावरून पलीकडची खाडी दिसत होती,
ओहोटीची, करडी,
आणि चिखलात पाय रोवून एक बगळा.

आठवडाभरात बसतील खाली,
फिंटन म्हणाला होता, नव्या सगळ्या बसतात.
हे मी त्यांना बोलले नाही.
आठवडा म्हणजे तीन खेपा.
प्रत्येक वेळी त्या वळणावर
मी गिअर उतरवला.