पेवठाण: पाटीचा मजकूर

ग्रामपंचायतीत ठराव झाला,
एस.टी. स्टँडवर गावाच्या इतिहासाची पाटी लावावी.
इर्शाद पेंटर म्हणाला, बावीस ओळी बसतील, वर एक नाही.
मजकूर माझ्याकडं आला, कारण माझं अक्षर बरं.

साल कोणालाच ठाऊक नाही.
कुठल्याशा फौजेची ज्वारी वाहणारा सोमला नायकाचा तांडा
इथं थांबला. काळीत ओल धरते,
म्हणून पांढरीत सात पेवं खणली,
आतून कडब्याचं अस्तर, वर चिखल, शेण,
आणि राखणीला दोन म्हातारे, त्यांच्या सुना, एक लंगडा बैल.
फौज पुढं गेली. परत येतो म्हणाली.
तीन पावसाळे वाट बघून पहिलं पेव फोडलं.
पेरलं ते उगवलं नाही, खाल्लं ते जिरलं.
बी शेजारच्या गावानं उसनं दिलं.
ते फेडल्याचं अजून कोणी सांगत नाही.

मग प्लेग, मग बाजाराचा वार बदलला. हे गाळलं.

मग रझाकारी.
उन्हाळ्यात करोडगिरीचा नाका जळाला,
जाळणारे रात्रीतच हद्दीपल्याड,
सकाळी घोडे गावात.
चौथ्या पेवात अकरा बायका, चार लेकरं.
आधी गयाबाईनं दोरीला बांधून कंदील सोडला:
पेवाची हवा माणसाला निजवते.
ज्योत टिकली, मग माणसं.
तोंडावर कडब्याची गंज रचली कासम तांबोळ्यानं,
आणि तिलाच टेकून
घोडेस्वारांना पानं लावून दिली.

भादव्यात विमान घरघरत गेलं.
पाच दिवसांत राज्य बदललं.
आठव्या दिवशी तेच पेव, तीच दोरी,
आता खाली कासमच्या घरचे सात,
आणि गंज रचायला गयाबाई.
बाहेर आपलेच लोक, हातात आपल्याच कुऱ्हाडी.
घाई होती.
कंदील सोडला होता, असं ती
मरेपर्यंत सांगत राहिली, न विचारताही.
वर काढलं तेव्हा सहा जण बोलले.

हे इर्शादला वाचून दाखवलं.
कासम त्याचा आजा.
म्हणालो, तेवीस होतात रे, एक काढावी लागंल.
त्यानं ब्रश रॉकेलमध्ये हलवला, फडक्याला पुसला,
पुन्हा हलवला.
विचारलं,
मुनीराची वेलांटी पहिली का दुसरी?
दुसरी, मी म्हणालो.

अक्षर बारीक करतो, म्हणाला.